एकच पेनड्राइव्ह, चार तऱ्हेची यंत्रं: जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर दोन्हीकडे बूट कसा करायचा?

फळाखडू

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि महिनाभरात पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला १४ जुनी यंत्रं दिली. विंडोज ११ त्यांच्यावर चालत नाही म्हणून ती निघाली, पण आमच्या मुलांसाठी ती उत्तम आहेत. सगळ्यांवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलंय.

यंत्रं अशी: सहा डेस्कटॉप, बरेच जुने. पाच लॅपटॉप, २०१६ च्या आसपासचे. स्क्रीन सुटी होते असे दोन छोटे टॅबलेट. आणि एक जुना आयमॅक.

मी रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह केला, त्यात पार्टिशनच्या तक्त्याचा जीपीटी हा नवा प्रकार निवडला होता. लॅपटॉपवर तो झटक्यात सुरू झाला, डेस्कटॉपवर मात्र 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढंच येतं. भाच्याने दुसरा करून दिला, तो डेस्कटॉपवर चालतो पण लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही. टॅबलेटवर दोन्ही चालत नाहीत. मॅकला अजून हात लावलेला नाही.

सगळीकडे चालेल असा एकच पेनड्राइव्ह करता येतो का? आणि असं का होतं तेही कोणी समजावलं तर बरं. मुलं विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

कोकणकडा

वाचतोय. आमच्या शाळेतही हीच कथा आहे, फक्त यंत्रं नऊ.

रात्रपाळी

करता येतो. आधी 'का' सांगतो, मग 'कसा' आपोआप कळेल.

बायोस आणि यूईएफआय ही फर्मवेअरची, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यांत आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामची, जुनी आणि नवी तऱ्हा. जुना बायोस फार साधा असतो. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, तो मेमरीत उचलतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत एवढं बघतो आणि पुढचा कारभार त्या सेक्टरमधल्या कोडच्या हाती देऊन मोकळा होतो. या ५१२ पैकी ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि २ बाइट त्या खुणेला. डिस्कवर कोणत्या फायली आहेत, फॉरमॅट कुठला आहे, याची बायोसला गंधवार्ता नसते.

यूईएफआयचं उलट. त्याला फॅट फॉरमॅट स्वतःला वाचता येतो. पेनड्राइव्हवर फॅट पार्टिशन शोधायचं, त्यात 'ईएफआय' फोल्डर, त्याच्या आत 'बूट' फोल्डर, आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल. ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांसाठी ते नाव बूटएक्स६४ डॉट ईएफआय. फाइल सापडली की ती चालवायची. पहिल्या सेक्टरमधल्या कोडकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

म्हणजे एक जण दिंडी दरवाजाने येतो आणि दुसरा परसदाराने. तुमच्या पहिल्या पेनड्राइव्हला फक्त परसदार होतं, भाच्याच्या पेनड्राइव्हला फक्त दिंडी. वाड्याला दोन्ही दारं ठेवायला काहीच हरकत नाही, ती एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिल्या सेक्टरमध्ये बायोससाठी कोड, आणि फॅट पार्टिशनमध्ये यूईएफआयसाठी फाइल.

रुफसमध्ये हे करायचं तर पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे पहिल्या सेक्टरमधला तो जुना तक्ता, निवडा. खाली टार्गेट सिस्टिममध्ये 'बायोस ऑर यूईएफआय' दिसेल. मिंटच्या आयएसओमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करण्यासाठी उतरवलेल्या फायलीत, दोन्ही दारांचं सामान असतंच. तुमचे डेस्कटॉप आणि लॅपटॉप एवढ्यावर सुटायला हवेत.

जुनाजाणता

रात्रपाळी, छान समजावलंत. थोडी भर घालतो.

तो ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत ७सी०० या पत्त्यावर उतरतो. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून हा पत्ता बदललेला नाही. डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनचा तक्ता आला तो १९८३ मध्ये, डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कचेरीत एक पीसी एक्सटी होता. सकाळी फ्लॉपी सरकवायची आणि ती घरघरायला लागली की दिवस सुरू झाला असं वाटायचं. तो आवाज अजून कानात आहे.

सीडीवरून बूट व्हायची रीत 'एल टोरिटो' या नावाने १९९५ मध्ये ठरली, फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून. आज ज्या आयएसओ फायली आपण उतरवतो त्यांच्या पोटात तीच रचना आहे. पुढे इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय आणलं, कारण जुन्या बायोसचा १६ बिटांचा संसार त्या यंत्रांना पुरणारा नव्हता. २००५ मध्ये ते यूईएफआय फोरमकडे गेलं आणि सगळ्या कंपन्यांचं झालं.

एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहितात, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरच्या डिस्कवर २ टेराबाइटच्या पुढे जाता येत नाही. जीपीटी येण्याचं एक मोठं कारण हे. पेनड्राइव्हला त्या मर्यादेची चिंता नाही, म्हणून इथे एमबीआरच बरं. खूप जुने बायोस जीपीटी पाहून अडतात, एमबीआर पाहून सहसा कोणी अडत नाही.

निळीशाई

'बूट' हा शब्द मुळात कुठून आला? पायातल्या बुटाशी संबंध आहे का?

जुनाजाणता

आहे. बूट घालताना ओढायला मागे पट्टी असते, ती बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक म्हण होती. यंत्रात काहीच नसताना छोटा कोड मोठ्या कोडला आणतो आणि तो त्याहून मोठ्याला, म्हणून हे नाव.

निळीशाई

वा! आता आई 'बूट दाराबाहेर काढ' म्हणाली की मी पेनड्राइव्ह काढून ठेवीन. :)

सोल्डरगन

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, रोज हेच करतो. ज्यावर लोक अडतात ते सांगतो.

पेनड्राइव्ह दोन्ही तऱ्हेचा केलात की काही यंत्रांच्या बूट मेनूत तो दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लावून. कुठली ओळ निवडता यावर पुढचं सगळं ठरतं. नुसत्या नावाची निवडलीत तर इन्स्टॉल जुन्या पद्धतीने होतं, दुसरी निवडलीत तर नव्या पद्धतीने. विंडोज टाकताना 'डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, ईएफआय सिस्टिमवर फक्त जीपीटी डिस्क चालते' अशा अर्थाची सूचना येते ती यामुळेच. लोक घाबरून डिस्कच पुसतात. आधी बाहेर या आणि मेनूतली दुसरी ओळ निवडून बघा. चालू विंडोज कुठल्या पद्धतीचं आहे हे 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड'समोर दिसतं. लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या फर्मवेअर फोल्डरात 'ईएफआय' आहे का बघायचं. असलं तर यूईएफआय.

मेनूच्या कळा: डेल आणि लेनोवो एफ१२, एचपी एफ९ किंवा आधी एस्केप, असूसचे लॅपटॉप एस्केप, गिगाबाइटचे बोर्ड एफ१२, एमएसआय एफ११. एसरवर एफ१२ आहे, पण बऱ्याचदा तो मेनू सेटअपमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. आणि सिक्युअर बूटची (फक्त मान्य सही असलेला कोडच बूट होऊ देणारी सोय) ओळ फिकट दिसत असेल तर सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ती हलत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तेच यंत्र पुन्हा माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं.

विंडोज 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते पुरतं बंद होत नाही आणि कळ दाबायला वेळच मिळत नाही. 'रीस्टार्ट' करा. नाहीतर शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग 'यूज अ डिव्हाइस'.

शंकेखोर

मला मुळात 'एकच पेनड्राइव्ह' हा आग्रहच पटत नाही. ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह घ्या, एकावर हिरवा ठिपका, एकावर लाल. दहा मिनिटांचं काम. सगळं एकात कोंबलं की बिघडल्यावर कुठे बिघडलं तेच कळत नाही.

रात्रपाळी

शंकेखोर, दोन यंत्रं असती तर मीही हेच म्हटलं असतं. इथे चार तऱ्हा आहेत आणि हाताळणार शाळेतली मुलं. ठिपके पुसतात, पेनड्राइव्ह हरवतात. शिवाय टॅबलेटची गोष्ट तिसरीच आहे, त्याला तुमचा हिरवाही चालणार नाही आणि लालही.

त्या टॅबलेटमध्ये बहुतेक बे ट्रेल पिढीचा इंटेल अॅटम असेल. प्रोसेसर ६४ बिटांचा, पण कंपन्यांनी वर यूईएफआय ३२ बिटांचं घातलं. असं यंत्र बूटएक्स६४ नावाची फाइल उघडतच नाही. त्याला बूटआयए३२ डॉट ईएफआय हवी. ती फाइल आयएसओत नसेल तर पेनड्राइव्ह त्याच्या लेखी रिकामाच. यूईएफआय ज्या बिटांचं, बूटची फाइलही त्याच बिटांची, हा नियम. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, मात्र ६४ बिटांचा असला तरी ३२ बिट यूईएफआयवरून सुरू होऊ शकतो. ३.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ती सोय आहे.

म्हणून मी व्हेंटॉय सुचवेन. ते पेनड्राइव्हचे दोन भाग करतं: मोठा भाग एक्सफॅट, आणि शेवटी ३२ एमबीचा छोटा फॅट भाग. पहिल्या सेक्टरमध्ये बायोसचा कोड, छोट्या भागात ३२ आणि ६४ बिट यूईएफआयच्या दोन्ही फायली, वर एआरएमसाठीही एक. मोठ्या भागात आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. हव्या तितक्या ठेवा, सुरू करताना यादी दिसते.

शंकेखोर

व्हेंटॉयबद्दल माझी हरकत अशी की त्याच्या कोडसोबत काही आधीच तयार केलेल्या बायनरी फायली ठेवलेल्या होत्या. त्यावर बरीच चर्चाही झाली. जी गोष्ट सगळ्यांत आधी, ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी चालते, ती कुठून आली हे मला स्वच्छ दिसायला हवं. त्या बाबतीत रुफस बरं.

बाकी कुठलंही साधन वापरा, पण आयएसओ उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ चा आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फायलीने मी एकदा अख्खी रात्र घालवली. पेनड्राइव्ह पाच वेळा नव्याने केला, आणि दोष फायलीत होता.

रात्रपाळी

हरकत रास्त आहे, मी ती नाकारत नाही. ज्यांना व्हेंटॉय नको त्यांना स्वतःही हे करता येतं. एका फॅट३२ पार्टिशनवर ग्रब, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, दोनदा बसवायचा. एकदा जुन्या बायोसच्या 'आय३८६-पीसी' लक्ष्यासाठी, एकदा 'एक्स८६_६४-ईएफआय' लक्ष्यासाठी, आणि दुसऱ्या वेळी 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यायला विसरायचं नाही. तो दिला की फाइल ठरलेल्या नावाने ठरलेल्या जागी पडते. टॅबलेटसाठी तिसऱ्यांदा 'आय३८६-ईएफआय'. मी वर्षभर असाच पेनड्राइव्ह वापरला. प्रत्येक नव्या आयएसओला मेनूची नोंद हाताने लिहावी लागते, एवढाच त्रास.

ओसरी

मी न्यू जर्सीला असते, इथे आमच्या गटाने जुने मॅक दुरुस्त करून वाटले होते, म्हणून त्याबद्दल लिहिते.

इंटेल मॅक सुरू करताना ऑप्शनची कळ धरून ठेवायची. पेनड्राइव्ह 'ईएफआय बूट' अशा नावाने पिवळ्या चित्रासह दिसतो. २००६ च्या पहिल्या इंटेल मॅकमध्ये ईएफआय ३२ बिटांचं होतं, म्हणजे तुमच्या टॅबलेटसारखंच प्रकरण. २०११ च्या पुढचा आयमॅक असेल तर ती अडचण नाही. टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या मॅकवर मात्र आधी रिकव्हरीत जाऊन 'स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी'मधून बाहेरच्या डिस्कवरून बूटची परवानगी द्यावी लागते. आणि वायरलेस कीबोर्डवर ती कळ कधीकधी पोचत नाही. वायरचा लावा.

सोल्डरगन

एक गोष्ट कळकळीने सांगायची राहिली. लॅपटॉपवर विंडोज आणि त्यातली माहिती ठेवायची असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा.

गेल्या वर्षी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, सोबत लिनक्स हवं होतं. मी सवयीने सिक्युअर बूट बंद केलं. पुढच्या वेळी विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. तिला अशी काही की असते हेच माहीत नव्हतं, आणि आत तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. दोन दिवस ती माझ्या दुकानात डोळ्यांत पाणी घेऊन बसत होती. शेवटी कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यात ती की सापडली. आधी विचारणं माझं काम होतं, मी विचारलं नाही. तेव्हापासून कुठलंही यंत्र टेबलावर आलं की पहिला प्रश्न बिटलॉकरचा, दुसरा बॅकअपचा.

आणि सिक्युअर बूट बंद न करताही व्हेंटॉय चालतं. पेनड्राइव्ह करताना सिक्युअर बूट सपोर्टवर खूण ठेवा. पहिल्यांदा निळा पडदा येईल, तिथे 'एन्रोल की फ्रॉम डिस्क' घेऊन छोट्या भागातली प्रमाणपत्राची फाइल निवडायची. त्या यंत्रावर एकदाच.

निळीशाई

मला विंडोजचा पेनड्राइव्ह करायचाय. फॅट३२ केलं तर 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं. एनटीएफएस केलं तर माझ्या लॅपटॉपवर बूटच होत नाही. काय करू?

रात्रपाळी

निळीशाई, फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि विंडोजची 'इन्स्टॉल डॉट विम' बऱ्याचदा त्याहून मोठी असते. यूईएफआयला तर फॅटच हमखास वाचता येतं. दोन वाटा आहेत. एक, डिझम हे विंडोजमधलं साधन वापरून ती फाइल ३८०० एमबीच्या तुकड्यांत फोडायची. तुकड्यांची नावं एसडब्ल्यूएम होतात आणि विंडोजचा सेटअप ती स्वतः ओळखतो. दुसरी, रुफसवर सोडायचं. ते मोठा भाग एनटीएफएस करतं आणि शेजारी इवलासा फॅट भाग ठेवतं. त्यातला छोटा प्रोग्राम आधी एनटीएफएसचा ड्रायव्हर चढवतो आणि मग विंडोजचा लोडर उघडतो.

फळाखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार शाळेत बसले, दहावीची चार मुलं सोबत होती. काय झालं ते सविस्तर लिहिते.

शंकेखोर यांच्या सांगण्यावरून आधी एसएचए२५६ जुळवला. मुलांनी ६४ अक्षरं एकाने वाचायची आणि दुसऱ्याने तपासायची असं केलं. मग व्हेंटॉय एमबीआरमध्ये बसवलं आणि मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यात टाकली.

पाच लॅपटॉप: सगळे झाले. दोनांवर निळा पडदा आला, सोल्डरगन यांनी लिहिल्याप्रमाणे की नोंदवली. आयमॅक: वायरचा कीबोर्ड लावून ऑप्शन धरलं, पहिल्या झटक्यात. डेस्कटॉप: सहापैकी चार झाले, दोन अडले. टॅबलेट: एक झाला. स्क्रीनवर मेनू आडवा दिसतो, पण आला! तो आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याची बॅटरीच चार्ज होत नाही, तो दुरुस्तीला दिला.

आता अडलेले दोन डेस्कटॉप. एकात बूटच्या यादीत यूएसबी दिसतच नाही. दुसऱ्यात व्हेंटॉयची यादी येते, मिंट निवडलं की इंग्रजीत येतं: या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, इथे फक्त आय६८६ सापडला.

सोल्डरगन

पहिल्याचं: पेनड्राइव्ह लावूनच यंत्र सुरू करा आणि सेटअपमध्ये 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' असं वेगळं पान शोधा. जुने अवॉर्ड बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात, म्हणून तो मुख्य यादीत नसतो, त्या आतल्या यादीत असतो. तिथे वर सरकवा. तरी नाही दिसला तर मागच्या बाजूच्या यूएसबी खाचेत लावा. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे का? असेल तर ८ जीबीचा करून बघा, काही जुने बायोस मोठा पेनड्राइव्ह पाहून तिथेच गोठतात.

रात्रपाळी

दुसऱ्यात फर्मवेअरचा दोष नाही. व्हेंटॉयची यादी आली म्हणजे बायोसने आपलं काम केलं. तिथे प्रोसेसरच ३२ बिटांचा आहे. टॅबलेटच्या बरोबर उलट: तिथे प्रोसेसर ६४ आणि यूईएफआय ३२, इथे प्रोसेसरच ३२. मुलांना फळ्यावर दोन रकाने आखून हे दाखवा, एका रकान्यात फर्मवेअर, दुसऱ्यात प्रोसेसर. चौदाही यंत्रं त्यात बसवा.

त्याच्यासाठी डेबियन १२ ची ३२ बिट आयएसओ घ्या. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर दिलेलाच नाही, म्हणून १२ च. त्याच पेनड्राइव्हवर मिंटच्या शेजारी कॉपी करायची, नवीन काही करावं लागत नाही.

शंकेखोर

हे मात्र दोन ठिपक्यांच्या पेनड्राइव्हने झालं नसतं. मान्य.

कोकणकडा

फळाखडू मॅडम, आमच्याकडे इंटरनेट इतकं मंद आहे की ३ जीबीची आयएसओ उतरायला रात्र जाते आणि पहाटे लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. तुमच्या त्या पेनड्राइव्हची प्रत मिळेल का? खर्च मी देईन.

फळाखडू

पहिला डेस्कटॉप मागच्या खाचेतून, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणि हार्ड डिस्कच्या यादीत वर सरकवून सुरू झाला. तिन्ही गोष्टी एकदम केल्या, त्यामुळे नेमकी कुठली लागू पडली ते उद्या एकेक उलटवून बघणार आहोत. मुलांनीच तसं सुचवलं. डेबियन दुसऱ्यावर चढतंय, आत्ता ६० टक्के झालंय. नववी ब ची पोरं दारात उभी राहून टक्के मोजतायत.

कोकणकडा, खर्च नको. त्याच ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मिंट आणि डेबियन दोन्ही आहेत, दोन्हींचे एसएचए२५६ आकडे कागदावर लिहून सोबत ठेवते म्हणजे तुमच्याकडे पोचल्यावर ताडून बघता येतील. शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी टपालात टाकते.